तरवार, फाळ आणि धारचा लोहस्तंभ

शस्त्रांचा इतिहास सांगताना बहुधा नव्या शस्त्राच्या उदयाची कथा सांगितली जाते. दगडानंतर कासे आले, काशानंतर लोखंड आणि लोखंडी पात्यानंतर बंदुकीची दारू. हा क्रम खरा असला तरी अपुरा आहे. जुने शस्त्र कोणी मोडले आणि त्या लोखंडाचे पुढे काय केले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होय. यशया २:४ व मीखा ४:३ या वचनांचे विवरण करणाऱ्या पाळकांना व धर्मशिक्षकांना तर तो टाळता येणार नाही. तरवारीचा फाळ होणे ही घटना इतिहासात वारंवार घडली आहे. परंतु प्रत्येक वेळी तिला शांती म्हणता येत नाही. माळव्यातील धार व देवास या प्रदेशाच्या इतिहासावरून हा भेद स्पष्ट होतो.

धार ही परमारांची राजधानी. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे राज्य करणाऱ्या भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथात खड्गपरीक्षेचा, म्हणजे तरवारीचे गुणदोष ओळखण्याचा, विचार आहे. लोहाराची विद्या हा राजाच्या आस्थेचा विषय होता, एवढे त्यावरून दिसते. त्या विद्येची साक्ष म्हणजे धारचा लोहस्तंभ. दिलावरखानाने १४०५ साली बांधलेल्या लाट मशिदीपाशी त्याचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. त्यांची एकत्रित लांबी सुमारे ४३ फूट व वजन सुमारे सात टन भरते. दिल्लीच्या प्रसिद्ध स्तंभाहून तो बराच लांब होता. तो साच्यात ओतलेला नसून तापलेल्या लोखंडाचे गोळे घणाने एकजीव करून घडविलेला आहे.

हा स्तंभ कोणी उभारला याविषयी विद्वानांत एकमत नाही. काही जण तो भोजाचा मानतात. पुरातत्त्वज्ञ हेन्री कझन्स यांनी असा तर्क केला की, तेराव्या शतकाच्या आरंभी अर्जुनवर्म्याने गुजरातच्या सैन्याचा पराभव केल्यावर शत्रूच्या शस्त्रांच्या लोखंडातून तो घडविला असावा. हा केवळ तर्क आहे. पण तो खरा धरला तरी बोध निराळाच निघतो. शस्त्रे नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी विजेत्याचा अभिमान उभा राहिला. वैर संपले नाही. १५३१ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने माळवा जिंकला. जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तानुसार, हा स्तंभ गुजरातेत नेण्याचा बहादूरशहाचा मानस होता. उतरविताना तो जमिनीवर कोसळून मोडला.

तोवर युद्धाचे स्वरूप पालटले होते. १५३५ साली मंदसोर येथे बहादूरशहा आपल्या बलाढ्य तोफखान्याच्या आश्रयाने छावणी करून राहिला. हुमायूनने समोरून हल्ला करण्याऐवजी त्याची रसद तोडली. तोफा शाबूत असताना छावणीत उपासमार झाली आणि सुलतान पळाला. पुढे २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी आप्पांच्या चपळ घोडदळाने मोगल सुभेदार गिरिधर बहादूर यास गाठून ठार केले. धार व देवास येथे पवारांची सत्ता स्थिरावली ती अशा स्वाऱ्यांतून. धारचे यशवंतराव पवार १७६१ साली पानिपतावर पडले. तेथेही उत्तम तोफखाना जवळ असलेले मराठी सैन्य प्रथम उपासमारीने खचले होते. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या तोफांनी इंग्रजी फौजेची मोठी हानी केली; तरी दिवस मावळण्यापूर्वी त्या तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. त्यानंतर १८१८ साली देवासने व १८१९ साली धारने इंग्रजांशी तह केला.

१८५७ साली धार दरबारच्या चाकरीतील अरब व मकराणी शिपायांनी किल्ला ताब्यात घेतला. ऑक्टोबरमध्ये इंग्रजी तोफांनी तटाला खिंडार पाडले व शिपाई रात्रीतून निसटले. संस्थान खालसा झाले. १८६० साली ते बेरसिया परगणा वगळून परत देण्यात आले. १८७८ साली ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास या देशाच्या लोकांना बंदी झाली. युरोपीयांना मात्र सूट होती.

येथे पवित्र शास्त्राच्या वाचकाला १ शमुवेल १३:१९-२२ आठवल्यावाचून राहणार नाही. इस्राएलाने तरवारी व भाले करू नयेत म्हणून पलिष्ट्यांनी त्यांच्या देशात लोहार राहू दिला नव्हता. नांगराचा फाळ वा कुऱ्हाड पाजवून घेण्यासाठी इस्राएली शेतकऱ्याला शत्रूच्या दारी जाऊन मोल द्यावे लागे. या उताऱ्यातील 'पीम' या मूळ शब्दाचा अर्थ दीर्घकाळ लागत नव्हता; जुन्या इंग्रजी भाषांतरात तेथे कानस असा अर्थ केला आहे. विसाव्या शतकात हा शब्द कोरलेली वजने पॅलेस्टाईनमध्ये सापडली आणि तो सुमारे दोनतृतीयांश शेकेल इतक्या चांदीचा दर असल्याचे कळले. २ राजे २४:१४ मध्येही नबुखद्नेस्सर यरुशलेमेतून योद्ध्यांबरोबर लोहारांना धरून नेतो. भट्टी ज्याच्या हाती, राज्य त्याच्या हाती, हे प्राचीन राजांना पुरते ठाऊक होते.

शौलाच्या काळी इस्राएलाच्या घरोघरी फाळ होते आणि तरवारी जवळजवळ नव्हत्या. त्यास कोणी यशयाच्या भविष्याची पूर्तता म्हणणार नाही. माळवा व राजस्थानात बैलगाड्यांतून फिरणाऱ्या गाडिया लोहारांचेही असेच आहे. आपले पूर्वज चितोडचे शस्त्रे घडविणारे होते आणि १५६८ साली तो गड पडल्यावर त्यांनी घर सोडले, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे हे लोक विळे, कुऱ्हाडी व चिमटे घडवू लागले. त्यांच्या ऐरणीवर तरवारीची जागा विळ्याने घेतली ती पराभवाने व दारिद्र्याने. शत्रूशी समेट होऊन नव्हे.

यास्तव यशयाचे वचन शिकविताना त्यातील क्रम सोडू नये. प्रथम परमेश्वर राष्ट्रांमध्ये न्याय करतो. मग ती राष्ट्रे स्वतःच्या हातांनी स्वतःच्या तरवारी ठोकतात. कोणी दुसऱ्याची तरवार हिसकावून घेत नाही, आणि त्या लोखंडाचा जयस्तंभही उभारला जात नाही. त्याचा फाळ होतो, जो सर्वांना अन्न देतो. न्यायापूर्वीचे निःशस्त्रीकरण हे बहुधा एका पक्षाचेच असते. योएल ३:१० मध्ये हेच शब्द उलट्या क्रमाने येतात आणि फाळांच्या तरवारी करण्यास सांगितले जाते. लोखंडाला दोन्ही आकार सारखेच सोपे आहेत. म्हणून शस्त्रे मोडल्याची वार्ता ऐकली की, ती कोणाची होती, कोणी मोडली आणि त्यांतून काय घडविले, हे तीन प्रश्न आपल्या मंडळीला विचारावयास शिकविणे हे शिक्षकाचे काम होय.