स्वमग्न मुलांचे चतुष्पाद सोबती

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर स्वर्गाच्या दारी पोचतो, तेव्हा त्याच्याबरोबर एक कुत्रा असतो. कुत्र्याला मागे ठेवून तू एकटा रथात बस, असे इंद्र सांगतो. पण आश्रयाला आलेल्याचा त्याग करणे हे पाप आहे, असे म्हणून युधिष्ठिर स्वर्गच नाकारतो. ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. त्यामुळे 'घरचा कुत्रा दुसऱ्याला देऊन टाकला' असे कोणी म्हटले, की आपल्या मनात प्रथम निषेधच उमटतो. मानसशास्त्राच्या अभ्यासात मात्र मला एक असा विषय भेटला, की या निषेधाचा पुन्हा विचार करावा असे वाटू लागले. ज्यांना सांभाळणे मालकांना शक्य राहिलेले नाही असे पाळीव कुत्रे घेऊन त्यांना स्वमग्न व्यक्तींचे मदतनीस म्हणून शिकवण्याचा उपक्रम काही पाश्चात्त्य देशांत चालतो. त्याची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम स्वमग्नता म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. १९४३ साली लिओ कॅनर या अमेरिकेतील बालमानसतज्ज्ञाने ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले. आईच्या कोरड्या वागणुकीमुळे मूल असे होते, हा समज पुढे कित्येक वर्षे तज्ज्ञांतही होता. त्याने असंख्य मातांना विनाकारण अपराधी ठरवले. आज तो पूर्णपणे मोडीत निघाला आहे. स्वमग्नता हा रोग नव्हे, तो मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणा आहे. प्रेशर कुकरची शिट्टी किंवा वरातीचा बँड आपल्याला थोडासा त्रास देतो; एखाद्या स्वमग्न मुलाला तोच आवाज असह्य होतो. मग ते कान दाबून जमिनीवर बसते, किंवा हात सोडवून रस्त्याकडे धाव घेते. समोरून गाडी येत आहे याचे भान त्या क्षणी त्याला असेलच असे नाही. अशा मुलाला घेऊन बाजारात जाणे ही साधी गोष्टही आईवडिलांना संकट वाटते आणि हळूहळू सारे कुटुंबच घरात कोंडले जाते. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला आहे. परंतु कायदा काही रस्त्यात मुलाचा हात धरू शकत नाही.

कुत्रा येथेच उपयोगी पडतो. अंधांना वाट दाखवणारे कुत्रे जुनेच आहेत. अमेरिकेतील 'द सीइंग आय' ही संस्था १९२९ साली सुरू झाली. ब्रिटनमध्ये फ्रान्सिस हे या अपंग स्त्रीने आपल्या किम नावाच्या पाळीव कुत्रीलाच दैनंदिन कामात मदत करायला शिकवले आणि त्या अनुभवातून १९८८ साली एक संस्था उभी राहिली. स्वमग्न मुलांसाठी कुत्रे तयार करण्याचे काम १९९० नंतरच्या दशकात कॅनडातील 'नॅशनल सर्व्हिस डॉग्ज' या संस्थेने हाती घेतले. इंग्लंडमधील शेफील्डच्या 'सपोर्ट डॉग्ज' या संस्थेने याच कामासाठी लोकांचे पाळीव कुत्रेही स्वीकारले आहेत.

या कुत्र्याचे काम काय? लहान मुलाच्या कमरेचा पट्टा कुत्र्याच्या अंगावरील पट्ट्याला जोडलेला असतो आणि कुत्र्याची दोरी नेहमी मोठ्या माणसाच्या हाती असते. मूल एकदम पळू लागले, की कुत्रा पाय रोवून उभा राहतो किंवा खाली बसतो. त्या दोन-चार क्षणांत पालकाला सावरता येते. मूल अस्वस्थ झाले, तर कुत्रा आज्ञेनुसार त्याच्या मांडीवर डोके किंवा अंगाचा भार टाकतो. तो स्थिर दाब अनेक मुलांना शांत करतो. मोठ्या वयाच्या स्वमग्न व्यक्तींना गर्दीतून बाहेर पडण्यास साहाय्य करणे, ठरलेल्या दिनक्रमाची सोबत करणे, ही कामेही असतात.

पाळीव कुत्राच का घ्यायचा, असा प्रश्न कोणी विचारील. पिल्लू पुढे कसे निघेल हे सांगता येत नाही. जातिवंत पैदाशीतून मुद्दाम वाढवलेली कितीतरी पिल्लेही या परीक्षेत नापास होतात. एक-दोन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव मात्र दिसू लागलेला असतो. फटाक्याच्या आवाजाने तो दचकला तर किती लवकर सावरतो? मुलाने अचानक मिठी मारली तर गुरगुरतो का? खाण्याच्या ताटलीजवळ कोणी गेले तर चिडतो का? मांजर दिसताच सुटतो का? हे सारे तपासतात. पशुवैद्य कंबरेच्या व कोपराच्या सांध्यांची क्ष-किरण चित्रे घेतात, डोळे पाहतात. घर राखणारा संशयी कुत्रा येथे चालत नाही. माणसांत रमणारा, खाऊसाठी शिकायला उत्सुक असलेला कुत्रा हवा. जो उत्तीर्ण होत नाही, त्याला चांगले घर मिळवून देणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमच्या वसाहतीतील एका कुटुंबाची परगावी बदली झाली, तेव्हा त्यांचा दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर तीन महिन्यांत तीन घरे फिरला. प्रत्येक घराने तो 'फार मस्ती करतो' अशी तक्रार केली. त्याला काम नव्हते, एवढाच त्याचा दोष. मालकाचे आजारपण, मृत्यू, घटस्फोट, लहानशी जागा अशा कारणांनी कुत्रे बेघर होतात; त्यांतले काही जण शिकून पुन्हा कोणाचे तरी होऊ शकतात. हा त्याग नव्हे, हे सोपवणे आहे, असे मला वाटते. मात्र कंटाळा आला म्हणून कुत्रा देणाऱ्याने हे नाव घेऊन स्वतःचे समाधान करून घेऊ नये.

या उपक्रमाच्या लाभाला थोडा शास्त्रीय आधारही आहे. माँट्रियल येथील संशोधकांनी २०१० साली ४२ स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्रा घरी आल्यावर सकाळी उठताना वाढणारे कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक पूर्वीपेक्षा कमी वाढले. कुत्रा काही दिवस दूर नेला, तेव्हा ती वाढ पुन्हा दिसू लागली. २००८ साली कॅनडातील १० कुटुंबांच्या निरीक्षणातून सुरक्षिततेचा व मोकळेपणाचा लाभ दिसला, तशीच दुसरी बाजूही दिसली. कुत्र्यालाही थकवा येतो. मुलाचे नकळत ओढणे-मारणे त्याला सोसावे लागते. त्याला विश्रांती आणि खेळ लागतो.

म्हणून दोन गोष्टी विसरता येणार नाहीत. पहिली, मुलाची इच्छा. काही मुलांना कुत्र्याची भीती वाटते, काहींना भुंकणेच असह्य होते. शिवाय कमरेला पट्टा बांधून घेणे मुलाला आवडते का, हे त्याच्या शब्दांतून नाही तर वागण्यातून ओळखले पाहिजे. दुसरी, कुत्र्याची इच्छा. तो बोलत नाही; पण शेपटी पायांत घालणे, वारंवार जांभया देणे, तोंड फिरवणे ही त्याची भाषा आहे. स्वमग्न मूलही पुष्कळदा शब्दांवाचूनच बोलते. या दोघांमध्ये उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही भाषा शिकाव्या लागतात, आणि या साऱ्या उपक्रमातले सर्वांत अवघड शिक्षण तेच असावे.