दोन मुक्त परवाने, एक पाट

टिळकवाडीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने आज्ञावली रचायला घेतली आहे, असे समजा. जुन्या मराठी व कन्नड पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे वाचून त्यांतील मजकूर संगणकात उतरवायचा, हे तिचे काम. सीमाभागातील वाचनालयांची किती कपाटे बोलू लागतील! अक्षरे ओळखण्यासाठी त्याने ‘टेसेरॅक्ट’ घेतली. तिला दोन्ही भाषा वाचता येतात आणि तिचा परवाना अपाची 2.0 हा आहे. पाने सरळ करण्याचा भाग त्याने दुसऱ्या एका मुक्त आज्ञावलीतून उचलला. तिला जीपीएलची केवळ दुसरी आवृत्ती लागू. दोन्ही मुक्त, दोन्ही विनामूल्य. तरीही दोन्ही एकजीव करून त्या लोकांना वाटता येत नाहीत. अडते ते पेटंटच्या एका कलमापाशी.

एका विहिरीचे भागीदार पाण्याची पाळी वाटून घेतात आणि कागद करतात की, या पाण्यावर आपलाच हक्क म्हणून जो कोर्टात जाईल, त्याची पाळी त्या दिवसापासून बंद. जानेवारी 2004 च्या अपाची परवान्याचे तिसरे कलम असेच आहे. प्रत्येक सहभागी आपल्या पेटंटांचा वापर इतरांस करू देतो. परंतु ‘ही आज्ञावली माझ्या पेटंटाचा भंग करते’ असा दावा कोणी लावला, की त्याला तिच्यापुरती मिळालेली पेटंटांची मुभा दावा दाखल होताच संपते. मुभा फक्त पेटंटांची, बरे का; प्रती काढण्याचा हक्क शाबूत राहतो. येथे पुष्कळांचा घोटाळा होतो.

अट मला न्याय्य वाटते. पण जून 1991 च्या जीपीएलचे सहावे कलम बजावते की, पुढे घेणाऱ्यावर या कागदाबाहेरची कोणतीही अधिक अट लादू नये. दोन विहिरींचे पाणी एका पाटात सोडले, की पहिलीची शहाणी अटसुद्धा दुसरीच्या कागदाप्रमाणे ‘अधिक’ ठरते. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने याच कारणास्तव, आणि नुकसानभरपाईच्या अटीमुळेही, हे परवाने विसंगत ठरवले. अपाची संस्थेने प्रयत्न करूनही ते मत पालटले नाही.

29 जून 2007 रोजी जीपीएलची तिसरी आवृत्ती निघाली. तिच्यात पेटंटविषयक बंधन मुळातच असल्याने अपाचीची अट तिला परकी वाटत नाही. मात्र पाट एकाच दिशेने वाहतो: अपाचीचा भाग जीपीएलच्या कामात जातो, उलट नाही.

कोणी म्हणेल, भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्यातील कलम 3(के) नुसत्या आज्ञावलीला पेटंटच देत नाही, मग ही चिंता कशाला? चिंता अशी की, विसंगत मिश्रण वाटले तर जीपीएलने दिलेली प्रती वाटण्याची मुभाच जाते. पेटंट असो वा नसो. घरच्या संगणकावर वापरण्यास कोणाची हरकत नाही.

आपल्या विद्यार्थ्याने प्रथम मूळ फाइलींचे मथळे वाचावेत. ‘दुसरी किंवा नंतरची कोणतीही आवृत्ती’ असे शब्द असले तर तिसरी निवडावी, काम सुटले. ‘केवळ दुसरी’ असेल तर दोन्ही आज्ञावल्या वेगळ्या ठेवून एकीने दुसरीच्या हाती फाइल द्यावी. अँड्रॉइड फोनमध्ये जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखालील लिनक्सचा गाभा आणि अपाचीखालील पुष्कळसा वरचा भाग असेच वेगळे राहून नांदतात. तेही जमले नाही तर लेखकांकडे अपवाद लेखी मागावा. एलएलव्हीएम या प्रसिद्ध प्रकल्पाने 2019 मध्ये अपाची परवाना स्वीकारताना असा अपवाद स्वतःच जोडून दिला होता.