तोंड उघडणारी पिकअप

गडचिरोलीतल्या सुरजागडचं लोहखनिज नेणारा ट्रक एटापल्लीच्या रस्त्यात बंद पडला, की मिस्त्री आख्खी केबिन पुढे कलती करतो आणि इंजिन समोर उघडं होतं. जुन्या जीप-पिकअपच्या नशिबी हे सुख नाही. महिंद्रांनी 1947 मध्ये विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या गाड्यांचं बोनेट उघडतं, पण मडगार्ड जागेवरच राहतात. मिस्त्रीला त्यांच्यावर पालथं पडून हात खाली घालावा लागतो.

यावर उपाय जुनाच आहे. 1961 पासून मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्ड मोटारीचं बोनेट आणि मडगार्ड मिळून एकच तुकडा होता. दोन बाजूंच्या कड्या सोडल्या की तो सगळा पुढे कलायचा आणि मिस्त्री चाकावर बसून काम करायचा. पिकअपला तसंच तोंड बसवता येतं, पण त्यात खरी कसोटी पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटरची.

पहिला प्रश्न बिजागरीचा. ती रेडिएटरच्या पुढे, चेसिसला आणि शक्य तितकी खाली हवी. बिजागरीच्या उंचीपेक्षा वरचा पत्रा उघडताना पुढे सरकतो, तर खालचा मागे सरकतो. म्हणजे मडगार्डचं मागचं टोक बिजागरीपेक्षा खाली राहिलं, तर ते थेट दारावर घासणार. बिजागरीच्या पुढचा भाग मात्र खाली झुकतो, म्हणून ग्रिल आणि बंपर यांच्यात मोकळी जागा ठेवावी लागते.

दुसरा प्रश्न रेडिएटरचा. जीपमध्ये तो ग्रिललाच बोल्टने कसलेला असतो. ग्रिल कलणार असेल, तर रेडिएटरसाठी चेसिसवर वेगळी चौकट उभी करायला हवी. मडगार्डांचा आधार सुटला की पत्रा लवतो, म्हणून आतून पाइपचा सांगाडा वेल्ड करतात. हेडलाइटच्या वायरी बिजागरीजवळ सैल वळसा देऊन सोडायच्या. मागे दोन्ही बाजूंना कड्या, त्यांच्या खाली रबर. बिजागरी पुढे असल्याने धावताना वारा हे तोंड उचलत नाही, उलट दाबून धरतो.

एक काम मात्र गॅरेजच्या बाहेरचं आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ मापदंडांपासून दूर जाणारा बदल चालत नाही. गडचिरोलीची एमएच-33 पाटी असलेल्या गाडीच्या मालकाने पत्रा कापण्याआधी आरटीओत विचारणा करावी.

एवढा खटाटोप दिखाव्यासाठी नाही. पावसाळ्यात नाले फुगतात, रस्ते अडतात आणि गाडी जिथे उभी तिथेच दुरुस्त करावी लागते. ज्या इंजिनापर्यंत हात सहज पोहोचतो, त्याची गळती लवकर दिसते आणि पट्टा तुटण्याआधी बदलला जातो. जुनी गाडी अशाच देखभालीवर टिकते. म्हणून डेंटर आधी पुठ्ठ्याचं मडगार्ड कापतो, खिळ्यावर फिरवून बघतो, टोक कुठे अडतं तिथे खडूने खूण करतो. त्यानंतरच पत्र्याला कात्री लागते.