घरपट्टीचा आकडा कोण काढतं, आणि तो काय शिकलेला असतो?



घरपट्टीची पावती आपल्या प्रत्येकीच्या घरात असते. डब्यात, पिशवीत, देवाच्या फोटोमागे, कुठं ना कुठं. वसुलीला येणारा पंचायतीचा शिपाई ओळखीचा असतो, त्याला आपण चहाही देतो. पण पावतीवरचा आकडा कुणी काढला, कसा काढला आणि काढणाऱ्याला ते काम कुणी शिकवलं, हे विचारायची आपल्याला सवय नाही. वीजबिल जरा वाढलं की आपण मीटर बघायला धावतो. घरपट्टीला मीटर नाही. तिथं माणूसच मीटर आहे. म्हणून आज त्या माणसाबद्दल बोलू.

गावात घरपट्टी लावण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये तो दिलाय, आणि आकारणी कशी करायची ते १९६० च्या कर व फी नियमांत आहे. प्रत्यक्ष काम ग्रामसेवकाच्या हातून होतं. २०२४ साली शासनानं ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एक करून त्याला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव दिलं, पण आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच आहे, मीही तसंच म्हणते. घरोघरची नोंद असते नमुना ८ मध्ये. कुणाकडून किती येणं आहे ते नमुना ९ मध्ये, आणि आपल्या हाती पडते ती पावती नमुना १० ची.

आता शिक्षणाचं बघा. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत ग्रामसेवकासाठी बारावीला किमान ६० टक्के, किंवा अभियांत्रिकी पदविका, कृषी पदविका, समाजकार्याची पदवी, यांतलं काहीतरी मागितलं होतं. सोबत संगणकाचं प्रमाणपत्र. निवड झाली की पंचायत राज प्रशिक्षण केंद्रात शिक्षण मिळतं. पण त्यात जन्ममृत्यूची नोंद, ग्रामसभा, पाणी, हिशेब, योजना असं सगळंच असतं. घराचं मूल्य काढण्याचं स्वतंत्र प्रमाणपत्र मात्र गावपातळीवर मागितलं जात नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात असं आहे की, मालमत्ता करासाठी मूल्य काढणाऱ्याकडे राज्याच्या मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते टिकवायला दरवर्षी ठरावीक तास प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडे एकच माणूस सकाळी पाण्याच्या टाकीवर, दुपारी ग्रामसभेच्या इतिवृत्तावर आणि संध्याकाळी आकारणीच्या रजिस्टरवर. ग्रामसेवकाला दोष देऊन उपयोग नाही, एकाच माणसाच्या डोक्यावर इतकं ओझं टाकल्यावर चूक राहणारच. म्हणून तो जे करतो ते आपल्याला वाचता आलं पाहिजे.

आणि ते फार अवघड नाही. शाळेतल्या गुणाकाराएवढंच आहे.

पूर्वी गावात क्षेत्रफळावर घरपट्टी असायची. २०१५ च्या शेवटी नियम बदलले आणि भांडवली मूल्यावर कर आला. त्याची रीत अशी. घराचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, हा एक भाग. घराचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा, हा दुसरा भाग. दोन्हींची बेरीज करायची आणि तिला भारांकानं गुणायचं. घसारा म्हणजे घर जुनं झालं म्हणून मिळणारी सूट. भारांक म्हणजे घराचा वापर कशासाठी होतो त्याचा आकडा. राहण्यासाठी असेल तर एक, दुकान किंवा कारखाना असेल तर एकापेक्षा जास्त. असं जे मूल्य येतं त्यावर दर हजारी अमुक पैसे कर.

एक हिशेब करून बघू. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या गावचे वेगळे असतील. घर ४० चौरस मीटर. जमिनीचा दर ५०० रुपये, म्हणजे २०,००० झाले. बांधकामाचा दर १०,००० रुपये आणि घर जुनं म्हणून घसारा ०.८०, म्हणजे ३,२०,००० झाले. बेरीज ३,४०,०००. राहतं घर, भारांक एक. हजारी एक रुपया धरला तर घरपट्टी ३४० रुपये.

आता मोजणाऱ्यानं घराचं वय विचारलंच नाही आणि घसारा धरला नाही, तर मूल्य होतं ४,२०,००० आणि पट्टी ४२० रुपये. ८० रुपयांचा फरक एका वर्षाचा. नोंद दुरुस्त होईपर्यंत दरवर्षी तेवढेच जास्त.

आपल्या गटांच्या बायकांना सगळ्यात जास्त झळ बसू शकते ती भारांकाची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आहे, पापड वाळत घातलेत, शेवयांचं यंत्र आहे. मोजायला आलेल्यानं बघितलं आणि अख्ख्या घरापुढं ‘व्यापारी वापर’ लिहिलं. वरच्याच घरात समजा व्यापारी भारांक सव्वा धरला, तर ३४० चे ४२५ होतात. पण व्यवसायाची खोली फक्त १० चौरस मीटरची आहे. तेवढ्याच भागाला सव्वा लावला तर पट्टी ३६१ च्या आसपास येते. तेव्हा मोजणीच्या दिवशी घरात थांबा. कुठल्या खोलीत व्यवसाय आणि कुठल्या खोलीत राहणं, ते वेगळं मोजून वेगळं लिहायला सांगा. भिंत मातीची की सिमेंटची, वर पत्रा की स्लॅब, हेही समोर उभं राहून लिहवून घ्या. घरधनी शेतावर असतील तरी मोजणी तुमच्यासमोर होऊ शकते. ‘ते आल्यावर या’ म्हणून माणसाला परत पाठवू नका, तो शेजारच्या घरावरून अंदाजानं लिहून मोकळा होतो.

नाव कुणाचं लागलंय तेही बघा. गावातल्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी असं शासनाचं धोरण २००३ पासून आहे. नमुना ८ चा उतारा हा मालकीचा पक्का पुरावा नव्हे, ती कराची नोंद आहे, हे खरं. पण घरात वाद झाला, कर्जाचा अर्ज केला, घरकुलाचं नाव आलं, की पहिल्यांदा तोच कागद मागतात. त्यावर आपलं नाव असलेलं बरं.

आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं होते. तेव्हा यादी लावली जाते आणि हरकती मागवल्या जातात. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठंच राहत नाही. पंचायतीत ऐकलं नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं, आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. अजून एक. हजारी किती पैसे घ्यायचे ते शासनानं दिलेल्या किमान-कमाल मर्यादेत ग्रामपंचायतीची सभा ठरवते. आपल्या राज्यात त्या सभेत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या ठरावावर ज्या ताई सही करतात त्यांनी वरचा गुणाकार एकदा तरी करून बघावा, एवढंच माझं मत.

शहराचं थोडक्यात सांगते. नगरपरिषदेत १९६५ च्या कायद्याप्रमाणे आकारणीची यादी प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी तपासतात, ते नगररचना विभागाचे असतात. बँकेच्या कर्जासाठी घर बघायला येतो तो व्हॅल्युअर वेगळा, त्याचा घरपट्टीशी संबंध नाही. कंपन्यांच्या कामासाठी जमीन-इमारतीचा नोंदणीकृत मूल्यांकक व्हायचं तर स्थापत्य किंवा वास्तुकलेसारखी पदवी, पाच वर्षांचा अनुभव, ५० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा लागते. एवढी तयारी तिथं, आणि अख्ख्या गावाचं मूल्य काढणाऱ्याला काही नाही, हे मला तरी पटत नाही.

पण आपल्या मुलींसाठी यातली एक वाट उघडी आहे. नगरपरिषदांमध्ये ‘कर निर्धारण व प्रशासकीय सेवा’ नावाचा संवर्ग आहे. २०२३ च्या राज्यस्तरीय भरतीत एकूण १,७८२ पदांपैकी ५७९ पदं या एका सेवेची होती. पात्रता कुठल्याही शाखेची पदवी आणि एमएस-सीआयटी. कला शाखेची पदवीही चालते, अभियंता असायला लागत नाही. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी आणि कामाशी संबंधित विषय, असा अभ्यास. महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. ज्यांना आधी या कामाची ओळख करून घ्यायची आहे त्यांच्यासाठी मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे. १९२६ पासून ती पालिका आणि पंचायतींच्या कामाचे अभ्यासक्रम चालवते, स्थानिक स्वशासनाची पदविका त्यातलीच. फी भरण्याआधी ज्या पदासाठी अर्ज करायचा आहे त्याची जाहिरात शब्दन् शब्द वाचा. पदविका असली की नोकरी नक्की, असं सांगणाऱ्या क्लासवाल्यांचा सुळसुळाट झालाय.

ज्या गटांत पदवी झालेल्या मुली-सुना आहेत त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला त्यांची नावं लिहून आणा. आणि प्रत्येकीनं आपल्या घरचा नमुना ८ चा उतारा आणा, सोबत एक मोजपट्टी. क्षेत्रफळाचा रकाना आधी बघू.