साडेतीन लाख पावलांसाठीचे पादत्राण

आळंदी ते पंढरपूर हे पालखीमार्गाचे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. एक पाऊल ७० सेंटिमीटरचे धरले, तर या वाटेवर साडेतीन लाखांहून अधिक पावले पडतात. म्हणजे प्रत्येक पाय पावणेदोन लाख वेळा जमिनीवर टेकतो. सपाट रस्त्यावर चालताना दर पावलाला शरीराच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त भार पायावर येतो आणि निरोगी पाय तो सहज पेलतो. इजा होते ती तोच भार त्याच जागी हजारो वेळा येत राहिल्यामुळे. दुकानात दहा पावले चालून पाहताना कळत नाही ते हेच.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला उमगली ती कुष्ठरुग्णांच्या पायांवरून. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, या रुग्णांच्या तळव्यांवरचे व्रण मांस आपोआप सडून होत नाहीत. त्यांच्या पायांची संवेदना गेलेली असते. एखादी जागा हुळहुळू लागली की निरोगी माणूस नकळत चाल बदलतो आणि भार दुसरीकडे सरकवतो. संवेदना नसलेला पाय मात्र त्याच जागेवर पडत राहतो आणि अखेर तिथली कातडी फाटते. अशा पायांसाठी वेल्लोरमध्ये सूक्ष्मछिद्री रबराच्या मऊ चपला तयार झाल्या. आज त्या ‘एमसीआर चप्पल’ या नावाने मधुमेहींनाही दिल्या जातात. ज्यांना मधुमेहामुळे तळव्याला बधिरपणा आला आहे, त्यांनी लांबची वाट अनवाणी किंवा नव्याकोऱ्या पादत्राणात चालू नये, हा सल्ला याच अनुभवातून आला आहे.

पादत्राणाच्या निवडीची सुरुवात मापापासून होते. पायात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. उभे राहिल्यावर तळव्याची कमान थोडी खाली बसते आणि पाऊल लांबीला व रुंदीला पसरते. दिवसभराच्या चालीने पायाला सूजही येते. म्हणून माप घ्यायचे ते संध्याकाळी, उभ्याने आणि वाटेत घालायचे तेच मोजे घालून. दोन्ही पावले बहुधा अगदी सारखी नसतात. मोठे असेल त्याचे माप धरावे. सर्वांत लांब बोट, जे पुष्कळांच्या बाबतीत अंगठ्याशेजारचे असते, त्याच्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी. टाच मात्र वर उचलली जाता कामा नये. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकते. ही मोकळी जागा नसेल, तर नखे बुटाच्या टोकावर आदळत राहतात, त्यांच्याखाली रक्त साकळते आणि ती काळीनिळी पडतात. सह्याद्रीतला किल्ला उतरून आलेल्यांना हे दुखणे परिचित आहे. दुकानात उतरती फळी किंवा जिना असेल, तर तो उतरून पाहावा. सपाट फरशीवर हा दोष लक्षात येत नाही.

बुटाचा नंबर फक्त लांबी सांगतो. भारतात रूढ असलेल्या ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, जवळपास साडेआठ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत एक नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरचा. त्यामुळे एका पद्धतीचा नंबर दुसऱ्या पद्धतीत तंतोतंत बसत नाही. खरी अडचण रुंदीची आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची त्रिमितीय मापे घेतली, तेव्हा भारतीय पाऊल पाश्चात्त्य मापांच्या हिशेबाने रुंद असल्याचे दिसले. चवड्याला बूट घट्ट होतो म्हणून अनेक जण एक नंबर मोठा घेतात. मग टाच सैल पडते आणि दर पावलाला घासते. रुंद साच्याचा बूट शोधणे हाच त्यावरचा योग्य उपाय, मग त्यासाठी चार दुकाने हिंडावी लागली तरी चालेल.

पायातले वजन पाठीवरच्या वजनापेक्षा फार महाग पडते, कारण दर पावलाला ते उचलून पुढे न्यावे लागते. पादत्राणांचे वजन एक किलोने वाढले, तर चालण्याला लागणारी ऊर्जा साधारण ७ ते १० टक्क्यांनी वाढते. डांबरी रस्त्यावरच्या वारीला घोटा झाकणारे जड बूट म्हणूनच नकोत. हलके, जाळीच्या कापडाचे बूट किंवा टाचेमागे पट्टा असलेले सँडल पुरतात. जड बूट शोभतात ते खडकाळ वाटेवर, पाठीवर मोठे ओझे असताना.

आषाढातल्या पावसात ‘वॉटरप्रूफ’ बुटांचाही फारसा उपयोग होत नाही. पाणी वरून, घोट्याच्या बाजूने आत शिरते आणि जे अस्तर ते बाहेर अडवणार होते, तेच त्याला आत कोंडून ठेवते. जाळीचा बूट लगेच भिजतो, पण चालता चालता निथळतो आणि रात्रीत बराचसा वाळतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची, खिळ्याऐवजी चामड्याच्या वादीने शिवलेली ही चप्पल कोरड्या उन्हात उत्तम. पण असे चामडे पाणी शोषते, फुगते आणि वाळताना कडक होते. नवी कोल्हापुरी घालून पावसाळी वारीला निघणे पायावर आणि चपलेवर सारखाच अन्याय करणारे आहे.

अनवाणी चालणाऱ्या वारकऱ्यांची गोष्ट वेगळी. केनिया आणि अमेरिकेतील लोकांच्या तळव्यांची तुलना करणारा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. सतत अनवाणी चालल्याने आलेला घट्टा तळव्याचे रक्षण करतो आणि तरीही जमिनीचा स्पर्श बोथट करत नाही, असे त्यात आढळले. तो घट्टा मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने येतो. एरवी बूट घालणाऱ्याने तापलेल्या डांबरावर एकदम अनवाणी उतरले, तर कातडी भाजते.

पादत्राण रुळवणे म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी घडणे. चामड्यातले कोलॅजनचे तंतू ऊब, घाम आणि वाकण्यामुळे एकमेकांवरून थोडे सरकतात आणि चामडे पावलाचा आकार घेते. त्याच काळात भार वारंवार पडणाऱ्या जागची त्वचाही जाड होते. यातली दुसरी गोष्ट लोक विसरतात. कापडी बूट पहिल्या दिवसापासून मऊ वाटला, तरी त्याच्या शिवणींची आणि कडांची पायाला सवय झालेली नसतेच. पहिले काही दिवस घरात तासभर, मग दोन-तीन किलोमीटर, मग दहा आणि शेवटी पाठीवर पिशवी घेऊन अर्ध्या दिवसाची चाल, असे वाढवत न्यावे. त्याला तीन-चार आठवडे लागतात. जाड चामड्याचा बूट असेल, तर त्याहून जास्त. कोल्हापुरीला तेल पाजण्याची जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे, कारण तेलामुळे तंतूंमधले घर्षण कमी होते. बूट भिजवून शेगडीशेजारी वाळवणे मात्र टाळावे. ओले चामडे जास्त उष्णतेने आक्रसते आणि कायमचे कडक होते. रुळवल्याने कडकपणा जातो, आखूडपणा जात नाही. पहिल्या दिवशी बोटांना लागणारा बूट परत करावा.

फोड केवळ वरवर घासल्याने येतो, हा समज अपुरा आहे. पाऊल पडताना आतले हाड पुढे सरकते, पण कातडी मोज्याला चिकटून मागे राहते. मधले थर पुन्हा पुन्हा ताणले जाऊन बाह्यत्वचेच्या आतच फाटतात आणि त्या पोकळीत पाणी भरते. कोरड्या किंवा पूर्ण भिजलेल्या कातडीपेक्षा घामाने ओलसर झालेली कातडी जास्त चिकटते. घाम धरून ठेवणारे सुती मोजे म्हणून लांबच्या चालीला वाईट. कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरीचे बरे. आत पातळ आणि वर जाड असे दोन मोजे घातले, तर सरकणे कातडीऐवजी दोन मोज्यांमध्ये होते. फोड येण्याआधी ती जागा गरम लागते. त्याच क्षणी थांबून तिथे कागदी चिकटपट्टी लावावी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात, शर्यतीपूर्वीच अशी साधी पट्टी लावल्याने अतिदीर्घ पल्ल्याच्या धावपटूंचे फोड ४० टक्क्यांनी घटले होते.

पावसात दिवसभर ओला राहिलेला पाय पांढरा आणि मऊ पडतो, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मुक्कामाला पोहोचताच पाय धुऊन बेचके कोरडे करावेत, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि झोपताना पाय उघडे ठेवावेत.

कपाटात ठेवलेला जुना बूट वाटेला काढताना सोल तपासणे आवश्यक आहे. अनेक बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेतले पाणी त्याची रासायनिक साखळी हळूहळू तोडत राहते. बूट वापरला नाही तरी ही क्रिया थांबत नाही. वरून नवा दिसणारा बूट चार-सहा वर्षांनी पहिल्याच चढावर तळ सोडतो, तो यामुळे. मधल्या थरावर अंगठ्याने जोरात दाबावे आणि बूट चवड्यापाशी वाकवावा. भुगा पडला, बारीक चिरा दिसल्या किंवा दाबलेला खळगा भरून आला नाही, तर तो बूट घरीच ठेवावा.