कोण कोण हसलं?

सकाळी ६.३०, अमरावती. अकोल्याच्या एका आईचा फोन. "ताई, पोराचं पोट शाळेच्या दिवशीच दुखते. रविवारी काहून नाही दुखत?" पोरगा सातवीत आहे, तोतरं बोलतो. ऑटोत एक जण त्याची नक्कल करतो, बाकी तिघं हसतात. मागून वडिलांचा आवाज, "मी जातो अन् एकेकाच्या कानाखाली वाजवतो." भाऊ, तेवढं थांबा, मी येते.

८.००. बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी.

१०.००, अकोला. "तू काय केलं होतंस?" हा प्रश्न मी कुणालाही विचारू देत नाही, त्यानं दोष मुलाच्याच पदरात पडतो. कुठं, कधी, कोण होतं, कोण हसलं, एवढंच विचारायचं आणि तारखेनिशी लिहून ठेवायचं. आज पोरगाच वहीत लिहितो. नक्कल करणाऱ्याचं नाव एकदा येतं, हसणाऱ्यांची पुन्हापुन्हा. ती हसणारी पोरं गप्प झाली, तर नक्कल दोन दिवसही टिकणार नाही. नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी जीव दिला आणि पुढच्याच वर्षी शाळेतल्या छळाविरुद्ध देशभर मोहीम उभी राहिली. तिथं मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी एकट्या पोराला धीट करण्यापेक्षा अख्खी शाळा, वर्ग आणि पालक कामाला लावले. मला तोच रस्ता पटतो.

१२.००, शाळा. मुख्याध्यापक सरळ माणूस आहेत. "दोघांना बोलावतो, हातात हात देऊन मिटवून टाकतो," म्हणतात. मी नको म्हणते. भांडण बरोबरीच्यांचं मिटवतात. इथं चौघांपुढं एकटा आहे आणि समोरासमोर तो 'काही नाही सर' एवढंच म्हणेल. आम्ही लेखी तक्रार देतो, पोच घेतो, ऑटोत मोठं माणूस बसवायला सांगतो. विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढंही ठेवायचा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. पण पालक तिला पोषण आहारापुरतीच धरून बसतात.

२.००. नक्कल करणाऱ्या मुलाचं घर. "माह्या पोराले गुंड ठरवाले आल्या काय?" नाही, ताई. तुमचा पोरगाही मला तितकाच हवा आहे. चहा होतो. मग ती आपणहून सांगते, "घरीबी सगळ्यायची नक्कल करते तो. आम्ही हासतो." शाळेत काय चालतं, हे तिला आजच कळलं. त्याला मारू नका, पण आजपासून हसूही नका, एवढंच मागून निघते.

७.००, अमरावती, वस्तीतली पालकसभा. "आम्हीबी मार खाल्ला, काय झालं?" एक जण म्हणतो. शेजारच्या शिक्षिका त्यांना मेळघाटातून वसतिगृहात आलेल्या कोरकू मुलांबद्दल सांगतात. बोलण्याला हसतात म्हणून ती मुलं वर्गात तोंडच उघडत नाहीत. सभेत थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग मोबाइलवर फिरणाऱ्या चिडवण्याच्या व्हिडिओंचा विषय निघतो. आधी स्क्रीनशॉट ठेवा, मग पुसा. फळ्यावर १०९८ लिहिते. मुलांची ही हेल्पलाइन चोवीस तास, फुकट चालते. मूल स्वतःही फोन करू शकतं.

९.००. अकोल्याहून फोन. पोरगा उद्या जायला तयार आहे, पण ऑटोनं नाही, बाबांच्या सायकलवर. आणि पीटीच्या सरांना काही सांगायचं नाही, वर्गाच्या बाईंनाच सांगायचं. ते त्याचं त्यानं ठरवलंय. बाईंना पहिल्या तासाआधी फोन करायचा आहे.