विश्लेषण : मधुमेहींचा उपवास डॉक्टरांपासून लपून का राहतो?

एकादशी, नवरात्र असो वा रमजानचे रोजे. मधुमेह असला तरी अनेक जण उपवास सोडत नाहीत. मात्र रुग्ण ते डॉक्टरांना सांगत नाहीत आणि डॉक्टरही अनेकदा विचारत नाहीत. हे मौन महागात पडू शकते.

धोका कोणता?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीच्या प्रमाणात घेतली आणि पोट रिकामे राहिले, तर रक्तातील साखर झपाट्याने घसरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. वेळीच साखर न दिल्यास शुद्धही हरपते. उलट, साबुदाणा आणि बटाट्यात भरपूर स्टार्च असल्याने ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ झाली की साखर वाढते.

रुग्ण गप्प का राहतात?

‘उपवास बंद करा’ असे सुनावले जाईल, ही भीती. मग काही जण स्वतःच गोळी चुकवतात किंवा डोस बदलतात.

वैद्यकीय नीती काय सांगते?

निर्णय रुग्णाचा, पण तो पुरेशी माहिती मिळाल्यावर घेतलेला हवा. श्रद्धेची खिल्ली उडवणे जसे गैर, तसेच ती दुखावेल म्हणून धोका न सांगणेही गैर.

धर्म आड येतो का?

कुराणात आजारी व्यक्तीला रोज्यातून सवलत आहे. राहिलेले रोजे नंतर ठेवता येतात. हिंदू परंपरेतही व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टींत औषधाची गणना होते. रुग्णाला हे विश्वासातील धर्मगुरूकडून कळले, तर डॉक्टरांचा सल्ला पटणे सोपे जाते.

मग करायचे काय?

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या सहभागाने तयार झालेली २०२१ची मार्गदर्शक तत्त्वे रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी तपासणी सुचवतात. वय, औषधे, मूत्रपिंडाची स्थिती आदींवरून रुग्णाची जोखीम ठरते. जोखीम जास्त असल्यास रोजे न ठेवण्याचा सल्ला दिला जातो. रोज्यात साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली, तर तो लगेच सोडावा, असे त्यात म्हटले आहे. इतर उपवासांतही साखर तपासत राहणे हिताचे.

सुरुवात मात्र एका साध्या प्रश्नाने व्हावी : ‘तुम्ही कोणते उपवास करता?’ डॉक्टरांनी विचारले नाही, तर रुग्णाने स्वतःहून सांगावे.